कागदावरचे बावन्न

१७ जानेवारी २०१३, गुरुवार

दादा आला. एकदाचा! कृष्णकांत डॉक्टरांचे दोन निरोप झाले, आईने दोन दिवस अबोला धरला, तेव्हा कुठे उरणहून निघाला. अकरा वाजता लॅबमध्ये हजर — हातात कोळंबीची पिशवी. काउंटरवर कमलाकरनी नाक दाबलं. "ही फ्रिजात ठेव गो," म्हणतो. त्या फ्रिजमध्ये लोकांचं रक्त असतं रे बाबा!

काविळीचा बी विषाणू त्याच्या अंगात आहे हे रक्तदान शिबिरात कळलं. त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षं हा बोट घेऊन समुद्रात. तांडेल पडला ना — बोटीवर सगळे याचं ऐकतात, म्हणून जमिनीवर हा कोणाचं ऐकत नाही. आता दम लागतो, जेवण जात नाही, तेव्हा आला.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ आहे. विषाणूने लिव्हरवर आतून वण पडत जातात, ते कडक होत जातं. किती झालंय ते कळायला हवं. पक्कं उत्तर बायोप्सीचं — बरगड्यांमधून सुई घालून लिव्हरचा बारीकसा तुकडा काढायचा. मुंबईत पोटावरून तपासणारं मशीन आलंय, पण दादाच्या पोटापुढे ते मशीन हात टेकणार. म्हणून आधी रक्त. लिव्हरचे एसजीओटी, एसजीपीटी, रक्तातल्या प्लेटलेट, आणि माणसाचं वय. चार आकडे फॉर्म्युल्यात घातले की स्कोअर निघतो. सव्वातीनच्या वर गेला तर सुई. खाली राहिला तर तूर्त सुईवाचून भागेल.

दादाने डॉक्टरांच्या तोंडावर सांगितलं, "रगत पायजे तवढं घ्या. काडी नाय घालून देनार. काडीचं नाव काढलंत तं मी परत येनार नाय. आमच्याकडं पाल्याचं औषध देनारा हाय."

आणि हा तसं करेल. मला माहीत आहे.

रक्त मीच काढलं. दुसऱ्या कोणाच्या हातात हात देत नाही. सुई शिरताना माझ्याकडे बघून हसत होता. रक्ताची सुई चालते, लिव्हरची चालत नाही! काय माणूस आहे.

फॉर्मवर वय लिहायचं होतं. इलेक्शन कार्डावर जन्म १ जून १९६०. अर्थात! आमच्या लॅबमधले अर्धे पेशंट एक जूनचे. जूनमध्ये शाळा उघडली, मास्तरांनी रांगेतल्या पोरांना रांगेने एक जून लावून टाकला. माझाही तोच. सगळं गाव एकाच दिवशी जन्मलेलं. म्हणून अठरा वर्षं माझा प्रश्न ठरलेला — कागदावरचं नको, खरं वय सांगा.

दादाचं खरं आईला ठाऊक आहे. मोठ्या मावशीच्या लग्नातल्या हंड्यावर तारीख कोरलीय, मे पंचावन्न. त्याच्या पुढच्या होळीला दादा झाला. लहानपणी बाबांबरोबर बोटीवर जायचा, दहाव्या वर्षी शाळेत गेला, मास्तरांनी सहा लिहिले. म्हणजे खरे छप्पन्न, कागदावर बावन्न.

मी छप्पन्न लिहिलं. सवयीने.

१८ जानेवारी, शुक्रवार

एसजीओटी ७८. एसजीपीटी ६४. प्लेटलेट एक लाख पासष्ट हजार.

चौसष्टचं वर्गमूळ आठ. फार सोपं गणित निघालं. वय गुणिले अठ्ठ्याहत्तर, भागिले एकशे पासष्ट गुणिले आठ.

छप्पन्नने — ३.३१.

प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या तर मशीन कमी मोजतं. म्हणून काच रंगवून मायक्रोस्कोपखाली स्वतः बघितली. एकही गुठळी नाही. पुन्हा लावलं — एक लाख सहासष्ट. रक्त फुटलं असेल तर एसजीओटी खोटं चढतं. सीरम स्वच्छ, गवती चहासारखं. कुठे फुटलंय! मीच काढलंय, फुटेल कसं?

मग उगाच बावन्नने करून बघितलं — ३.०७.

फरक फक्त मास्तरांचा.

१९ जानेवारी, शनिवार

केलं.

रिपोर्ट छापायच्या आधी वयाच्या रकान्यात जाऊन ५६ खोडलं, ५२ घातलं. दोन बटणं. कमलाकर चहा आणायला गेले होते. ते असते तरी त्यांना काय कळलं असतं म्हणा. स्कोअर आम्ही छापत नाही, तो डॉक्टर त्यांच्या टेबलावर काढतात. आम्ही देतो फक्त आकडे.

खोटं काय आहे त्यात? इलेक्शन कार्डावर बावन्न. रेशनकार्डावर बावन्न. बोटीच्या परवान्यावर बावन्न. सरकार दरबारी दयाराम बावन्नचाच आहे. मी कोण त्याला छप्पन्नचा करणारी?

हे कोणाला समजावतेय मी? या वहीला?

२१ जानेवारी, सोमवार

काही नाही. सेंट्रिफ्यूज पुन्हा थरथरतंय. खाली पुठ्ठा घातला.

२२ जानेवारी, मंगळवार

लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल.

१९९८. बाबांना हेच होतं, फक्त नाव उशिरा कळलं. मला तेव्हा नोकरीला लागून तीनच वर्षं झालेली, पांढरा कोट घालून घरभर शहाणपण शिकवत फिरायचे. मुंबईच्या हॉस्पिटलात बायोप्सी सांगितली. बाबा नको म्हणत होते. मीच म्हटलं, "काही होत नाही बाबा, मुंगी चावल्यासारखं वाटतं. मी हात धरते ना." आणि धरला. तिसऱ्या दिवशी रक्ताची उलटी झाली आणि गेले.

सुईने नाही गेले. अन्ननलिकेतली शीर फुगून फुटली. लिव्हर पूर्ण गेल्यावर तसं होतं, सुई घातली नसती तरी झालं असतं. मला हे तेव्हाही माहीत होतं, आजही आहे. पण उरणला गुणाबाईच्या घरात — म्हणजे माझ्या आईच्या घरात — वाक्य एकच आहे : काडी घातली नि गेला. कोणाच्या सांगण्यावरून घातली, ते कोणी बोलत नाही. पंधरा वर्षांत एकदाही नाही.

तेव्हापासून दादा सुईचं नाव काढू देत नाही. टीव्हीवर दिसली तरी चॅनेल बदलतो.

बास. लिहून झालं.

२४ जानेवारी, गुरुवार

दादाबरोबर मीही केबिनमध्ये बसले. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. कॅल्क्युलेटर ओढला. काहीतरी दाबलं, केसपेपरवर लिहिलं. मग दादाकडे बराच वेळ बघत बसले. अठरा वर्षं लोकांना रिपोर्ट देतेय, दर वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता पाकीट सरकवते. आज कळलं समोर बसणाऱ्याचं काय होतं ते.

डॉक्टर म्हणाले, "गोळी सुरू करू या. रोज एक, न चुकता. दारू पूर्ण बंद, दयाराम. वासालासुद्धा नाही."

मी विचारलं, "आणि बायोप्सी?"

"मॅडम, तुमचं बाहेर काम खोळंबलं असेल ना? मी जरा यांच्याशी बोलतो."

मॅडम! मला! हाकललंच की सरळ. रागाने उठून आले.

वीस मिनिटांनी दादा बाहेर आला, तोंडभर हसत. "गोळी दिली. काडी नाय! तू उगाच तोंड पाडून बसलेलीस."

मग मी त्याला शेजारच्या हॉटेलात मिसळ खायला घातली. दोन पाव जास्त घेतले त्याने. मला गिळवेना.

२९ जानेवारी, मंगळवार

घरातल्या सगळ्यांची रक्तं तपासली. आई, वहिनी निगेटिव्ह. माझा नवरा जीवन निगेटिव्ह — "मी तुझ्या माहेरचं मासळीशिवाय काही घेतलेलं नाही," म्हणाला. मी निगेटिव्ह, लस घेतलेली आहे. म्हणजे आता एकटा दादाच.

५ फेब्रुवारी, मंगळवार

दादाचा फोन. बोट घेऊन लांब जातोय, आठ-दहा दिवस. फोन लागणार नाही.

"गोळ्या घेतल्यास बरोबर?"

"घेतल्या गो. डोक्याला ताप देऊ नको."

७ फेब्रुवारी, गुरुवार

आज डॉक्टरांना सहज म्हणून विचारलं, की स्कोअर सव्वातीनच्या जरा खाली राहिला आणि वर गेला, तर नक्की काय बदलतं? म्हणजे असंच, ज्ञानासाठी.

ते म्हणाले, "गोळी बहुतेक तीच. बदलतो तो पहारा. वण जास्त असतील तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कॅन्सरवर नजर, दुर्बिणीने अन्ननलिकेच्या शिरा बघायच्या. फुगलेली शीर आधी दिसली तर बांधता येते. माणूस वाचतो."

माणूस वाचतो.

बाबांची नाही दिसली. आणि मी दादाची चार वर्षं खोडली म्हणून त्याची कोणी बघणार नाही. हे आता कळतंय मला! सुई चुकवली म्हणून मिसळ खायला घालणारी बाई मी.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

जीवन फर्स्ट शिफ्ट करून तळोज्याहून आला. म्हणाला, "काय झालंय तुला? भाजीत दोनदा मीठ."

म्हटलं, काही नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार

दादा विचुंब्याला आमच्या घरी आला. आणि हात हलवत आला! एक बोंबील नाही, एक मांदेली नाही. दहा दिवस समुद्रात राहून तांडेल बहिणीकडे रिकाम्या हाताने! जन्मात झालं नव्हतं.

"जाळ्यात काय नाय गावलं," म्हणाला.

सिलिंडर संपला होता. खालून वर आणायला जीवनला उठवलं, स्वतः सोफ्यावरून हलला नाही. मी म्हटलं, म्हातारा झालास. तर म्हणतो, "झालो तं झालो. बावन म्हंजे काय कमी हाय?"

माझ्या हातातली ताटली सुटली. तो माझ्याकडे बघत राहिला. मग वाकून तुकडे उचलायला लागला, तेही एका बाजूने, जपून. चेहरा उतरलेला वाटला. लिव्हरचं दुखतंय का विचारलं, तर म्हणे झोप नाही झाली.

आता याच्या तोंडातही बावन्न आलंय. रिपोर्ट वाचला असणार.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

आज साळू आली. कातकरी, वीटभट्टीवर काम करते. डोळे पिवळे, डॉक्टरांनी पाठवलेली, त्याच चार आकड्यांसाठी.

"वय किती?"

"मला काय ठावं, बाय."

"कार्ड आहे?"

"नाय."

"अंदाजे?"

"तुमाला वाटंल तवढं लिवा."

एरवी चाळीस लिहून मोकळी झाले असते. पण फॉर्म्युल्यात वय लागतं. मी स्टूल ओढून बसले. पहिलं मूल कधी झालं? तेव्हा कुठल्या भट्टीवर होतीस? थोरल्या मुलाला आता किती पोरं? लग्न झालं तेव्हा न्हातीधुती होऊन किती पावसाळे झालेले? भूकंप झाला, जमीन हलली, तेव्हा कडेवर कोण होतं? अर्धा तास. मागे नंबर लागलेले ओरडत होते, कमलाकर दोनदा आत डोकावून गेले. शेवटी सदतीस-अडतीसवर येऊन थांबलो. साळू म्हणाली, "येवढं कोणी नव्हतं इचारलं." आणि हसली.

मी आत जाऊन बेसिनपाशी उभी राहिले. नळ सोडला. रडलेच, खरं तर. परक्या बाईचं वय शोधायला अर्धा तास घालवते, आणि सख्ख्या भावाचं खरं वय हातात असताना पुसून टाकते. लाज वाटली. अजून वाटतेय.

२७ फेब्रुवारी, बुधवार

उद्या गुरुवार. डॉक्टरांना सांगणार. नोकरी गेली तर जाऊ दे. दादा चिडला, पाल्याचं औषध घेतो म्हणाला, तर त्याच्या दारात बसेन. आईला घेऊन बसेन. सुईला घाबरतो तर हात धरेन.

धरेन का पण?

२८ फेब्रुवारी, गुरुवार

सगळे पेशंट संपेपर्यंत थांबले. दार लोटून घेतलं आणि उभ्याउभ्याच बोलून टाकलं — "सर, दयारामच्या रिपोर्टवरचं वय मी बदललं. बावन्न नाही, छप्पन्न. स्कोअर तीन पॉइंट एकतीस येतो. चूक नाही झाली, मुद्दाम केलं."

मला वाटलं ओरडतील. ते चष्मा पुसत बसले.

"बसा आधी."

बसले नाही.

त्यांनी दादाचा केसपेपर काढून माझ्यापुढे फिरवला. वय : ५६. स्कोअर : ३.३१. खाली तारीख, चोवीस जानेवारी. त्यांच्याच अक्षरात.

म्हणाले, "सत्यवतीताई, मी या पट्ट्यात बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. एक जून दिसला की पहिल्या भेटीतच खरं वय विचारतो. तुम्हीही विचारता, मला माहीत आहे. तुमच्या रिपोर्टवर कधी कार्डावरचं वय नसतं. त्या दिवशी पहिल्यांदा होतं. तेव्हाच समजलो."

"मग बोलला का नाहीत?"

"रिपोर्टवरचं वय बदलायचं नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? पुन्हा झालं तर मात्र बोलेन."

मान खाली घातली. मग विचारलं, म्हणजे सुई लागणार? त्यांनी केसपेपर मिटला. पुन्हा विचारलं.

"पुढचं दयारामना विचारा. मी त्यांना शब्द दिलाय. पण आता मोडलेलाच बरा. जा तुम्ही, रविवारी जा."

काय शब्द? मला घाबरवून सोडलं या माणसाने.

३ मार्च, रविवार

उरण. दादा ओट्यावर जाळं शिवत होता. विचारायच्या आधीच माझा चेहरा बघून सुई बाजूला ठेवली, म्हणाला, "सांगितलं वाटतं डाक्टरनी." आणि सदरा वर केला. उजव्या बरगडीखाली तांदळाएवढा डाग. बोट घेऊन गेलोच नव्हतो म्हणाला, मुंबईला गेलेलो. तिसरी पायरी आलीय, चौथी नाय. चौथी म्हणजे संपूर्ण कडक. पहारा सुरू झालाय.

मी म्हटलं, तू तर सुईला घाबरतोस ना? "मी नाय गो भित. तू भितंस. बाबा गेले तवापासून सुईचं नाव निघालं की तुझं तोंड पांढरं पडतं. म्हनून घरात नावच काढू देत नव्हतो."

एकटा गेलास? कोणी सोबत नाही?

"सोबत पायजेच बोलले. कोन हाय इचारलं. मी तुझं नाव लिवलं. बोललो, बहीन हाय, खाली बसलीय."